वाचनाचा तास बंद झाला

खारबावच्या पुढच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते. वर्गातल्या बऱ्याच मुलांना साधं वाक्य वाचता येत नव्हतं. तरी मी रोज चौथीचा धडा पुढे रेटायचे, कारण तपासणीला येणारे साहेब धडे किती झाले एवढंच विचारायचे.

त्या वर्षी ठाण्याला प्रशिक्षण झालं. इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला जिथपर्यंत वाचता येतं तिथून शिकवलं तर ते लवकर वाचायला लागतं, हे करून पाहिलेल्या लोकांनी आम्हाला दाखवलं. मुख्याध्यापकांनी मला दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी रोजचा एक तास दिला. प्रत्येक मुलाकडून वाचून घेऊन मी इयत्ता न बघता गट पाडले. वळ गावच्या गोदामात कामाला जाणाऱ्या एका बाईच्या चौथीतल्या मुलीला दुसरीच्या पोरांत बसावं लागलं, म्हणून ती पहिले काही दिवस रडली. दिवाळीनंतर तिने एक अख्खी गोष्ट वाचली आणि म्हणाली, "बाई, अजून एक द्या."

मग विस्तार अधिकारी आले.

"चौथीची मुलं दुसरीत? धडे केवढे मागे पडलेत!"

"साहेब, हिला जूनमध्ये 'कमळ' वाचता येत नव्हतं. आता ऐका."

"एका मुलीवरून धोरण ठरत नसतं, बाई."

"मग सगळ्यांचं वाचून घ्या. तुम्हीच घ्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "असं परिपत्रक नाही. उद्यापासून बंद."

मी भिवंडीला पंचायत समितीत खेटे घातले. शेवटी मोठे साहेब भेटले. "तुमचं बरोबर असेलही," ते म्हणाले, "पण एकाच शाळेला वेगळं कसं चालू देऊ?" बरोबर असेलही! कचेरीच्या जिन्यात बसून मी रडले. चूक ठरले असते तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई कामावर जाताना शाळेत डोकावली. "बाई, वाचन बंद केलं म्हनं. पोरीचं काय चुकलं हाय का?"

"नाही हो, तिचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी ओट्यावर वर्ग घेऊन पाहिला. पण बहुतेकांना घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती. ती मुलगी यायची, तिच्यासारखी दोन-चार यायची. ज्यांचं अजून अक्षरांवरच अडत होतं, ती कधीच थांबली नाहीत. एप्रिलमध्ये धडे सगळे पुरे झाले. अक्षरांवर अडलेल्या त्या मुलांनाही मी पाचवीत पाठवलं.