आधीच मेलेला ऑरिन

आमच्या ड्राय फोर्क गावात माझ्या वडिलांच्या वयाचा जो कोणी पुरुष आहे, तो एकदा तरी गोळी लागून मेलेला आहे. दर वसंतात काऊबॉयच्या सिनेमावाले ट्रक भरभरून यायचे, आमच्या लाल दऱ्यांत तंबू ठोकायचे आणि ज्याच्या दारात घोडा असेल त्याला कामाला लावायचे. सकाळी दरोडेखोर म्हणून मरायचं, जेवायचं, शर्ट बदलायचा आणि दुपारी शेरीफच्या बाजूनं स्वतःच्याच मागे घोडा पिटाळायचा. आता ते सिनेमे गेले, बरेचसे घोडेही गेले. उरलंसुरलं ते लेलंड फिस्कनं आपल्या बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानात मांडून ठेवलंय. रबरी निवडुंग, डोक्यात फोडायच्या साखरेच्या बाटल्या, प्लायवूडची अख्खी बँक. दारावर त्यानं 'संग्रहालय' अशी पाटी लावली आहे आणि ती वाचताना तो स्वतःच जरा ताठ होतो. शाळेची बस चालवणं सुटल्यापासून मी शनिवारी तिथं तिकिटं फाडते.

ओडेसाबाई टॅगर्ट त्या दारातून कधी आत आल्या नव्हत्या. पोस्टात जायचं झालं तरी पलीकडच्या बाजूनं जायच्या, मग ऊन का असेना. कारण आत पाऊल टाकलं की समोरच त्यांच्या नवऱ्याचा भलामोठा फोटो, आणि खाली लेलंडच्या ठळक अक्षरात: 'ऑरिन टॅगर्ट. कड्यावरून पडणारा आमचा माणूस.'

गावाला त्या पडण्याचा कोण अभिमान. बँक लुटून पळणाऱ्यांचा एक सिनेमा होता, त्यात एक स्वार भरधाव घोड्यावरून उडतो आणि वाळूच्या उतारावरून गडगडत खाली येतो. असं पडणं पुन्हा कोणी पडलं नाही, असं आमचे पुरुष म्हणायचे. चेहरा दिसत नव्हता, पण तो ऑरिनच, यावर सगळ्यांचं एकमत. ऑरिन कॅफेत आला की कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारणार, कोणीतरी कॉफी पाजणार. तो मान खाली घालून हसायचा. ना हो म्हणायचा, ना नाही.

आणि घरी ओडेसाबाई ते हसणं आठवून जळत असायच्या.

ओडेसाबाईंच्या वडिलांचा पाय रिकिबीत अडकला होता आणि घोड्यानं त्यांना कुंपणापर्यंत फरफटत नेलं होतं. त्यांना उचलून आणलं तेव्हा दार उघडलं ते लहानग्या ओडेसानं. पुढं लग्न झालं, दिवस राहिले आणि ऑरिन सिनेमात पडून खांदा मोडून घरी आला. तेव्हा त्यांनी त्याच्याकडून शब्द घेतला. घोड्यावर बस, मर, काय हवं ते कर, पण पडायचं नाही. ऑरिननं शब्द दिला. त्यानंतर दोनेक वर्षांत तो कड्याचा सिनेमा आला आणि शूटिंगच्या संध्याकाळी ऑरिन लंगडत घरी आला.

"खेचरानं लाथ मारली," तो म्हणाला.

खेचर म्हणजे त्यांच्या घरचा डीकन. त्याच्या पाठीवर गावातली निम्मी पोरं वाढली, मी धरून. शेपटी ओढली तरी तो फक्त मान वळवून बघायचा. त्या डीकननं लाथ मारली, हे कोण मानणार? ओडेसाबाईंनी मानलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांना बायांनी सांगितलं, तुझा नवरा काय पडला गं काल. त्या घरी आल्या आणि विचारलं. ऑरिन म्हणाला, "मी कसा पडेन? मी तर त्याच्या आधीच मेलो होतो. खडकापाशी आडवा होतो." वर म्हणाला, सिनेमा लागला की चल, दाखवतो.

त्या गेल्या नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्हा पोरांना बीन्स वाढता वाढता त्यांनी आयुष्य काढलं, दोन मुलगे वाढवले, ऑरिनच्या शेजारी चर्चमध्ये बसल्या, त्याच्या आजारपणात रात्रंदिवस राबल्या, पण तो सिनेमा पाहिला नाही. एकदा मी धीर करून कारण विचारलं.

"पाहिला आणि तोच पडताना दिसला, तर मग काय करू?" त्या म्हणाल्या. "नांदायचं तर होतंच ना त्याच्याबरोबर."



ऑरिन गेल्या वसंतात गेला, या वेळी खराखुरा. त्याला दोन सवयी होत्या. एक म्हणजे रविवारी जेवण झालं की व्हरांड्यात आडवा व्हायचा, डाव्या बुटावर उजवा बूट टाकून. दुसरी हॅटची. आमच्याकडे हॅट डोक्यावरून काढली की उलटी ठेवायची, माथा खाली, तोंड आभाळाकडे. पालथी ठेवली की कड मोडते आणि आतलं नशीब सांडतं. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण ऑरिनला त्याचं वेडच. कॅफेत दुसऱ्यांच्या हॅटाही उलट्या करून ठेवत फिरायचा. त्याच्या अंत्यविधीला बाहेरगावच्या माणसानं शवपेटीवर त्याची हॅट पालथी ठेवली. पाद्री बोलत असताना ओडेसाबाई उठल्या, पुढं गेल्या, हॅट उलटी करून ठेवली आणि परत येऊन बसल्या. पाद्री थांबला होता. "चालू दे," म्हणाल्या.

तीच हॅट लेलंडला हवी होती. काचेच्या पेटीत, बरोब्बर मधोमध. तो महिनोन्‌महिने त्यांच्या मागे लागला होता आणि त्या दार लावून घेत होत्या. अशात शेजारच्या गावातलं जुनं थिएटर पाडलं, तिथल्या डब्यांत त्या सिनेमाची रिळं सापडली आणि लेलंडनं शनिवारी दुपारी खेळ जाहीर केला.

शुक्रवारी ओडेसाबाई माझ्या दारात उभ्या.

"उद्या मला घेऊन चल. हॅट बरोबर आणते. तो पडला असेल, तर हॅट लेलंडला देऊन टाकणार. शब्द मोडणाऱ्याची हॅट माझ्या खुंटीवर नको."

"आणि नसेल पडला तर?"

"पडलाच असेल," त्या म्हणाल्या. "सगळं गाव काय खोटं बोलतं?"

रात्रभर मला त्या बाईची काळजी लागली. माणूस गेला, आता त्याची खुंटीही रिकामी व्हायची, आणि तेही रागानं. वाटलं, लेलंडची रिळं उंदरांनी खाल्लेली निघोत.

उंदरांनी खाल्ली नव्हती. दुकानात चर्चच्या खुर्च्या मांडलेल्या, खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, गावातले उरलेले सगळे मेलेले पुरुष पहिल्या रांगेत. ओडेसाबाई नवऱ्याच्या फोटोकडे न बघता आत आल्या आणि हॅटचा खोका मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. पुढं हॉबर्ट बसला होता, तो ऑरिनचा लहानपणापासूनचा दोस्त. तो वळून म्हणाला, "वा, ओडेसा, आलीस एकदाची. आता बघ तुझा वाघ कसा पडतो."

"तू पुढं बघ, हॉबर्ट."

सिनेमा तसा भिकार होता. नायक बोलायचा कमी आणि दात दाखवायचा जास्त. प्रत्येक मरणाला पहिल्या रांगेतून हाका यायच्या: "हा मी", "अरे, हा मेलेला तिसऱ्यांदा मेला." मग लेलंड प्रोजेक्टरमागून लग्नातल्यासारखा ओरडला, "मंडळी, आता बघा." ओडेसाबाईंनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट धरलं. शाळेची मोठी पातेली उचललेला हात तो, माझी बोटं सुन्न झाली.

घोडा आला, स्वार उडाला, वाळूतून गडगडत खाली आला. खरंच जबरदस्त पडला. टाळ्या वाजल्या, हॉबर्टनं शीळ घातली.

"तोच होता?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "कोणीतरी पडलं," मी म्हणाले. "तोंड नाही दिसलं."

 डोळे उघडून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "लेलंड, पुन्हा लाव. आता बघते."

लेलंडला आणखी काय हवं होतं? रीळ मागं गेलं. घोडा पुन्हा आला. सगळे वर बघत होते, कड्याकडे. मीसुद्धा. स्वार उडाला, आणि तेवढ्यात माझ्या मनगटावरचा हात सुटला.

"थांबव."

"थांबवता येत नाही, फिल्म जळते."

"मग पुन्हा लाव."

त्या खोका माझ्या मांडीवर ठेवून उठल्या, खुर्च्यांमधून वाट काढत पडद्यापाशी गेल्या. तिसऱ्यांदा घोडा आला, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून धावत गेला. त्यांनी वर बघितलंच नाही. खाली कोपऱ्यात, खडकापाशी, आधीच्या गोळीबारात मेलेला एक जण पडला होता. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे बघा. इथं."

आम्ही बघितलं. मेलेला माणूस आरामात उताणा पडला होता, डाव्या बुटावर उजवा बूट. आणि शेजारी वाळूत त्याची हॅट, नीट, माथा खाली, तोंड आभाळाकडे. वर कड्यावरून तो दुसरा गडगडत येत होता आणि ऑरिन खाली रविवारची झोप घेत होता.

 कोणीतरी मागून म्हणालं, "गोळी लागल्यावर हॅट काढून नीट ठेवली की काय यानं?" आणि सगळं दुकान हसायला लागलं. सिनेमावाल्यांच्या हे लक्षात आलं नाही, ते परगावचे. आणि आमच्या लोकांच्या लक्षात आलं नाही, कारण हॅट तशी असणं त्यांना खटकलंच नाही. खरं तर मेलेल्याची हॅट पालथी असती तर आमच्यातला कोणीतरी नक्की ओरडला असता.

हसला नाही तो फक्त हॉबर्ट. "म्हणजे पडला कोण?"

"असेल कोणी सिनेमावाल्यांतला. पडला आणि ट्रकमध्ये बसून गेला."

"अगं, पण त्या पडण्यावर मी लेकाच्याला जन्मभर कॉफी पाजली."

"ते तू आणि तो बघा," ओडेसाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. कितीतरी वर्षांत त्यांचे खांदे असे सैल पडलेले मी पाहिले नव्हते.

लेलंडचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं. त्यानं दिवे लावले, फोटोखालच्या पाटीपाशी जाऊन उभा राहिला. "आता इथं काय लिहू मी?"

"खरं ते लिही. 'आमचा ऑरिन. आधीच मेलेला.'"

"आणि हॅट?"

"हॅट खुंटीवर," त्या म्हणाल्या. मग त्याचा पडलेला चेहरा बघून जरा नरमल्या. "माझ्यामागं ने. पण पालथी ठेवलीस तर वरून येऊन काच फोडेन."

परतताना त्यांनी खोका मागं टाकला आणि हॅट मांडीवर घेतली, माथा खाली. गावाबाहेर पडेपर्यंत मधूनमधून एकट्याच हसत होत्या.

"गंमत बघ," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला त्यानं फसवलं. तोंड न उघडता, कॉफी पीत. आणि खरं सांगितलं ते एकटीला, मला."

"तुम्हाला सुटल्यासारखं वाटत असेल."

"वाटतंय. हलकं वाटतंय गं अगदी. वाटतं, आत्ता घरी जावं आणि तो व्हरांड्यात असावा."

मी त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबवली. कुंपणाच्या कोपऱ्यात डीकनला पुरलं आहे, त्यावर त्यांनी स्वतः लावलेलं सफरचंदाचं झाड आहे. त्या तिकडे बघत बसून राहिल्या. उतरेनात.

"म्हणजे लाथ खरंच मारली होती," त्या म्हणाल्या.

"असं दिसतं."

"त्या खेचरावर ऑरिननं उगाच आळ घेतला, म्हणून मला त्याची दया यायची. तो मरेपर्यंत रोज सकाळी त्याला सफरचंद कापून भरवलं मी. मुद्दाम, ऑरिनच्या डोळ्यांसमोर." त्यांनी हॅटच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि तो कॉफी पीत नुसता बघत बसायचा. एकदा तर म्हणाला, अजून एक दे त्याला, बिचाऱ्याला आवडतात."