कुणाचं बटण कुणाच्या हातात

गिटार मांडीवर घेतली की ते आधी डावा पंजा लोकांसमोर उभा धरायचे, चौकातला पोलीस गाडी थांबवतो तसा, आणि म्हणायचे, "आधी ऐका, मंग बोला." मग पंजा खाली यायचा आणि वाजवणं सुरू व्हायचं. ऐकायचं कोणी नाही, ते सोडा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला सगळे हट्टी म्हणतात आणि वेळ आली की त्यालाच शोधत येतात. आमचे हे भाई. रांजणगावात कारखाने नुकते उभे राहत होते त्या काळात ते माझ्याच कंपनीत, माझ्याच लाइनवर होते. शिरूरला खोली, आणि सुट्टी लागली की न्हावऱ्यावरून एसटीने दौंडला आईकडे. वडील लवकर गेलेले. आई रेल्वेच्या दवाखान्यात आया होती, तिने एकटीने वाढवलं. गिटार शिकवली शेजारच्या ख्रिस्ती गार्डसाहेबांनी.

"गाणं कोण म्हणणार?" हे त्यांना सगळीकडे विचारलं जायचं.

"कोण न्हाई. मी एकटा आन् ही एकटी," ते गिटारवर थाप मारून सांगायचे. समोरच्याचा चेहरा पडायचा. आमच्या भागात ढोलकीशिवाय वाजवणं म्हणजे मिठाशिवाय आमटी.

त्यांची स्वतःची एक धून होती. सुरुवातीला दौंडच्या यार्डातली मालगाडी, डबे आपटत जोडतात ती. मग स्टेशनातली गडबड. मग सगळं थांबायचं, इतकं की संपलं वाटावं, आणि त्यानंतर अगदी हळू एक चाल उमटायची. "ही माझी आई," ते म्हणायचे. "ड्यूटी सुटली की गल्लीच्या तोंडापासून गुणगुणत यायची. मी दारात बसलेला असायचो."

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. स्टेजवर काहीही चालू असो, मांडवाच्या दाराशी पांढरी गाडी थांबली की सूत्रसंचालक माईक धरतो. 'आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे...' मग शाल, नारळ, टाळ्या. गाणारा निदान आवाज चढवून टिकतो तरी. भाईंची धून थांबल्यासारखी झाली की सूत्रसंचालकाला वाटायचं, झालं यांचं. कंपनीच्या पूजेत तेच, कासुर्डीच्या लग्नात तेच.

एकदा कंपनीच्या बसमध्ये ते म्हणाले, "मालगाडी समद्यांनी ऐकली. आई कुणीच न्हाई ऐकली. दर टायमाला आगमनाखाली चेंगरती."

मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसरं दुखणं आवाजाचं होतं. मांडववाल्याच्या लाउडस्पीकरच्या मशीनवर गिटार अगदी बारीक यायची, डब्यात खडे वाजल्यासारखी. त्यावर इलाज बघायला आम्ही पुण्याला गेलो. दुकानदाराने प्रीॲम्प काढला, खिशात मावेल एवढी डबी. गिटारची वायर तिच्यात घालायची, ती आवाज भरदार करून पुढे मशीनला देते. शेजारी एक छोटा मिक्सर होता. गिटार, माईक, सगळं त्यात लावायचं, प्रत्येकाला वेगळं बटण, आणि त्यातून मशीनला एकच वायर.

"एकट्या गिटारला मिक्सर कशाला? डबी घ्या," दुकानदार म्हणाला.

"डबी लावली तर सूत्रसंचालकाचा माईक कुठं लागंल?"

"मशीनला."

"आन् मिक्सर लावला तर?"

"मिक्सरला."

"आन् मिक्सर कुणापाशी?"

"तुमच्यापाशी."

"मंग मिक्सरच बांधा."

दुकानदाराला काही उमगलं नाही. मला उमगलं, आणि नसतं उमगलं तर बरं असं वाटलं, कारण पुढचा कार्यक्रम आमच्या केंदूरच्या गणपतीत होता आणि तो मीच ठरवला होता.

मांडववाल्याची हरकत नव्हती. "तुमीच बघनार व्हय? मंग मी जेवून येतो," म्हणाला आणि गेलासुद्धा. सूत्रसंचालन आमच्या शाळेच्या गुरुजींकडे. त्यांचाही माईक भाईंनी मिक्सरला लावला. पंजा उभा राहिला, खाली आला, मालगाडी सुटली. धून थांबली त्या पोकळीत भाईंनी उजवा हात तारेवरून काढला, एक बटण शून्यावर पिळलं आणि हात परत नेला.

त्याच वेळी आमचे आप्पा आले. माझे चुलत चुलते, सोसायटीचे चेअरमन. गुरुजी उठले, तोंड उघडलं, आवाज नाही. माईकवर टिचकी मारली, फुंकर मारली. आणि आगमन झाल्याशिवाय आप्पा स्टेजवर चढणार कसे? ते पायरीपाशी उभे राहिले. चाल पुरी होईपर्यंत उभे राहिले.

मग भाईंनी बटण फिरवलं आणि समोरच्या माईकवर म्हणाले, "आई आली घरी. आता करा आगमन."

आप्पा भाषणात म्हणाले, "आज आमाला आमच्याच गावात लायनीत उभं केलं." लोक हसले. आप्पा हसले नाहीत.

आठवडाभरात मंडळाचा निरोप घेऊन मांडववाला शिरूरला भाईंच्या खोलीवर आला. बरोबर एक प्रीॲम्पची डबी, मंडळातर्फे भेट. "ही लावा, मिक्सर घरी ठेवा आन् आप्पांची माफी मागा. फुडच्या वर्षी स्टेज तुमचंच."

भाईंनी डबी उलटसुलट पाहिली आणि परत त्याच्या हातात दिली. "डबी चांगली हाय. पर ही माझा आवाज मोठा करती, तुमचा बारीक करत न्हाई. आन् माफी कशापायी? वाट बघितल्यानं मानूस झिजत न्हाई. मी ल्हानपणी रोज बघितली."

केंदूरचं स्टेज बंद झालं. मग हळूहळू शिरूरचीही बंद झाली. अशा गोष्टी आपल्याकडे न सांगता कळतात. मी त्यांना म्हटलं, भाई, एक शब्द बोलून टाका, काय जातं? ते म्हणाले, "आईची चाल जाती." पुन्हा मी विषय काढला नाही. मला राग यायचा तो त्यांचा नाही, आमच्या गावाचा.

काही वर्षांनी सुट्टीत दौंडला असतानाच छातीत कळ येऊन ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या आईने मिक्सर आणि त्या धुनेची कॅसेट माझ्यासमोर ठेवली. तिने विचारलं, "तू पुरी ऐकली व्हती ना?" मी हो म्हटलं. "मंग तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

त्या वर्षीच्या गणपतीत मी मंडळाशी भांडलो. भाईंना याच स्टेजवर श्रद्धांजली, आणि तीही भाषणाने नाही, कॅसेटने. टेप मिक्सरला लावला, गुरुजींचा माईकही मिक्सरला लावला आणि शेजारी मी बसलो. मालगाडी आली, गेली. धून थांबली आणि नेमक्या तेव्हाच मांडवाच्या दाराशी गाड्या येऊन थांबल्या. नवे पुढारी, मागे पोरांचा घोळका. गुरुजी उठले. मी बटण पिळलं. त्यांनी टिचकी मारली, मग माझ्याकडे पाहिलं. मी डावा पंजा उभा धरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. आप्पा होते. आता थकलेले, काठीवर हनुवटी टेकून बसलेले.

"गुरुजी, बसा खाली. आई यायचीय अजून."

गुरुजी बसले. पुढारी दाराशीच उभे राहिले, हार ताटात राहिला, आणि सगळ्या केंदूरने ती घरी येईपर्यंत ऐकलं.