चौथ्या पेरावर जोर

आई लोकांच्या घरी मिरच्या कांडायला जायची. संध्याकाळी परतली की हातांची आग थांबावी म्हणून ते ताकात बुडवून बसायची आणि भाकऱ्या मी थापायचे. निपाणीकडच्या त्या एका खोलीतून कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

गावापासून लांब, मोठ्या शहरातल्या हेब्बाळला एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी लागली, पण कच्ची. तीन महिन्यांनी इंग्रजी उच्चारांची परीक्षा, नापास झालं की परत गावी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुझे लांब शब्द सपाट येतात. तुकडे पाड, जोर कुठल्या तुकड्यावर ते शोध.

खोली स्वस्त म्हणून शहराबाहेर देवनहळ्ळीत घेतली होती. घरमालकीण तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. कामावरून आले की मी खिडकीत बसून तुकडे मोजायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत. रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. सहा पेरं, जोर चौथ्यावर.

पहिल्या आठवड्यात अक्का चहा घेऊन यायच्या. मग यायच्या थांबल्या. त्यांची नातवंडंसुद्धा माझ्या दारापाशी आली की गप्प होत. वाटलं, कांडपवालीची मुलगी हे यांना कळलं असणार. विचारावं, तर तेवढं वाकायची मला सवय नाही. सुट्टीच्या दिवशी तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही; इंग्रजीचे तुकडे तेवढे.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना माझा नळ बंद पडला. कळशी घेऊन त्यांच्या दारात गेले. अक्कांनी हळूच विचारलं, "अनुष्ठान संपलं काय गं?"

मला कळेना. त्यांनी स्वतःचा अंगठा पेरांवर फिरवून दाखवला. "ओठ हलतात, पेरं मोजतेस. जपाला बसलेल्याला आमच्यात हाक मारत नाहीत."

दोन महिने त्यांनी सगळ्या घराला माझ्यासाठी चूप बसवलं होतं.

मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरी, बरं तर. मग मला म्हणून दाखव, स्वल्प मोठ्यानं."

पुढचे आठही दिवस त्या कढीपत्ता निवडत ऐकत बसल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण शब्द सपाट गेला की मान हलवायच्या: पुन्हा.

परीक्षा पास झाले. नोकरी पक्की झाली. आईनं कांडप सोडलं.