थोडं बिघडवून द्या

ऑक्टोबर लागला की माझ्या गॅरेजात धुराची यंत्रं येतात आणि त्यांच्या मागोमाग किस्से. यंत्रं दुरुस्त होऊन घरोघरी जातात, किस्से माझ्याकडेच साठतात. मी मूळची नागपूरची, सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. इकडे परदेशात, रिचमंड हिलला रिटायर झाल्यावर, हॅलोवीनला, म्हणजे पोरं भुतांचे वेश घालून दारोदार खाऊ मागतात त्या रात्री, अंगणात धूर सोडणारी ही यंत्रं उघडायचा नाद लागला. बहुतेक यंत्रं अशा घरांतून येतात, जिथली मुलं केव्हाच मोठी होऊन निघून गेलीत.

*

आमच्या गल्लीतले जोगकाका पक्के पुणेकर. त्यांचा पंप पार गच्च झाला होता, आत गुलाबी लगदा.

"काहून हो काका, काय टाकलं यात?"

"गुलाबपाणी. घरी केलेलं."

यात फक्त धुराचं लिक्विड घालायचं असतं, हे मी त्यांना चौथ्यांदा सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "दारात आलेल्या पोरांवर नुसता धूर सोडायचा? आमच्याकडे गुलाबपाणी शिंपडतात."

*

माझी मुक्ता नोकरीसाठी मॉन्ट्रियलला गेली, त्याला चार वर्षं झाली. पूर्वी मी यंत्र उघडलं की टॉर्च तीच धरायची. आता मी टॉर्च दातात धरते आणि तिची फार आठवण येते.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. म्हटलं, "हात भरलेत गं, नंतर बोलू."

"No no, फोन बेंचवर ठेव. I'll just watch."

मी चाळीस मिनिटं नळी साफ करत होते. ती स्क्रीनवरून बघत होती. झाकण लावलं तेव्हा म्हणाली, "आई, एक स्क्रू राहिला."

*

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या नीलूताई यंत्र घेऊन आल्या. लावून पाहिलं तर धूर कसा भसाभसा!

"हे तर चांगलं चाललंय."

"म्हणूनच आणलं. थोडं बिघडवून द्या."

त्यांचा मुलगा ईशान तासाभरावरच्या ग्वेल्फला इंजिनिअर. नुसतं ये म्हटलं की बिझी असतो, काही बिघडलंय म्हटलं की शनिवारी हजर. "फार नको हो," ताई म्हणाल्या, "जेवून जाईल इतपतच."

उभ्या जन्मात मी काही मुद्दाम बिघडवलं नव्हतं. पंपाची एक वायर काढून ठेवली. ईशान आला, वायर जोडली, भरल्या वांग्याची भाजी खाऊन गेला. ताईंनी मला डबाभर पाठवली. गेल्या वर्षीही तेच.

*

या वर्षीही ताई आल्या, मी वायर काढून दिली. शनिवारी सकाळी अकराला गॅरेजच्या दारात ईशान उभा, काखेत यंत्र.

"काय रे, नाही जमलं का?"

"झालं मावशी. पाच मिनिटांत." त्याने यंत्र माझ्या बेंचवर ठेवलं. "Same wire. तिसरं वर्ष."

मी उगाच पक्कड पुसत बसले.

"आई कोथिंबीर आणायला गेलीये," तो म्हणाला. "ती यायच्या आत जरा नीट बिघडवून द्या ना. रविवार संध्याकाळपर्यंत पुरेल असं."