बंद खिडकीमागचा पोवाडा

मुंबई राज्य गुजरातीसह द्वैभाषिक होतं, त्या उन्हाळ्यात मला घरात स्वस्थ बसवत नसे. बाराखडी पुरती यायच्या आधीच वडिलांनी माझ्या हातात पत्रकं दिली होती, शाई बोटांना लागेल इतकी ताजी. वडील गेले, पत्रकं राहिली. आता संयुक्त महाराष्ट्राचे पोवाडे मी लिहीत होते आणि लालबागचे काही गिरणीकामगार ते आमच्या गिरगावच्या खोलीत बसवत होते.

तेही खिडक्या लावून. दादा, माझा थोरला भाऊ, सरकारी कचेरीत कारकून होता. सरकारविरुद्धचं गाणं त्याच्या घरातून ऐकू आलं तर नोकरी जाणार हे उघड होतं. वहिनीला सातवा महिना होता. मला मात्र खिडक्या लावून ती गाणी म्हणवत नसत.

"महाराष्ट्र काय उशीखाली दडवून आणायचाय?" मी दादाला विचारलं.

"तू लिही. मी माझ्या घरात गाऊ देतो ना? तेवढ्यावर भागव," तो म्हणाला.

मग तापाची साथ आली. बोटीवरून उतरली, असं गोदीत जाणारे सांगत. बघता बघता चाळीत घरटी कुणी ना कुणी आडवं झालं. वहिनीचं माहेर परळला, तिथेही सगळे अंथरुणात, म्हणून तिला तिकडे धाडता येईना. अशात कुणीतरी वाचून आलं की हा रोग जनावरांतून येतो. लगेच तळमजल्यावरच्या काकूंच्या कोंबड्यांवर चाळीची बैठक भरली, आणि कोंबड्या टोपलीत घालून त्यांच्या भावाकडे वरळीला रवाना झाल्या. वहिनीची अंडी बंद. गाणाऱ्यांनी आपापले कप आणायचे, दारात पाय धुवायचे, आत धूप घालायचा. एवढं सगळं झालं की आम्ही खिडक्या लावत असू, आणि मागे सूर धरणारे झीलकरी एकमेकांना चिकटून, शाहिराच्या मानेवर तोंड आणून 'जी जी रं जी' ओरडत. पलीकडे लाकडी फळीच्या आडोशाला वहिनी पडलेली असे.

तिच्या पायांवर सूज आली म्हणून आमचे नेहमीचे डॉक्टर बघायला आले. तालीम त्यांना पाहून थांबली.

"खालच्या कोंबड्या दिसत नाहीत," ते म्हणाले.

"वरळीला पाठवल्या. साथीमुळे."

"कोंबड्या वरळीला आणि ही फौज इथे. शाबास." मग हसू आवरून म्हणाले, "हा रोग मुळात जनावरातनं माणसात आला असेल, तसा संशय आहे जाणकारांना. पण आता तो माणूसच माणसाला देतोय. श्वासातनं. खोकायलाच हवं असं नाही, मोठ्यानं गायलं तरी पुरे." त्यांनी फळीकडे मान वर केली. "ही वरपर्यंत का नाही नेली?"

"वारा खेळावा म्हणून," दादा म्हणाला.

"कुठला वारा? खिडक्या तर तुम्ही लावून घेतल्यात." जाताना जिन्याशी ते हळूच म्हणाले, "या दिवसांत बाईला हा ताप आला तर छातीत उतरतो. मूल आणि आई, दोघांचं कठीण होतं. जपा."

दुसऱ्या संध्याकाळी ढोलकीवाला आला तो लाल डोळ्यांनी.

"ताप आहे तुला," मी म्हटलं.

"माका काय नाय. घसो बसलो हा फक्त. गिरणीत कापूस खातंय, तेचो." आणि तो खोकला.

त्याला तिथूनच परत पाठवलं. बाकीचे उभेच राहिले. पोवाडे जिथे गायचे ती परळची सभा तोंडावर आली होती आणि लालबागला त्यांच्या प्रत्येकाच्या खोलीत कुणीतरी आजारी होतं. मी दारापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. तालीम बंद करा, हे माझ्या जिभेवर येत नव्हतं. खिडकी उघडा, हे म्हणायचा अधिकार माझा नव्हता. नोकरी दादाची होती.

फळीमागून वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठलं. गाणं थांबवू नका. खिडकी उघडायला सांगा त्यांना."

'त्यांना' म्हणजे दादाला. दादा कपाळ पुसत बसला होता. तो उठला. खिडकीची कडी गंजून बसली होती. त्याने खलातला बत्ता आणून ती ठोकली. मग दुसरी खिडकी. मग दार सताड उघडलं, वहिनीची खाट त्याने आणि मी गॅलरीत नेली आणि तिच्या उशाशी स्टूल टाकून तो बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

"लांब लांब उभे राहा," तो झीलकऱ्यांना म्हणाला. "आणि म्हणा आता."

पहिली कडवी त्यांनी दबकूनच म्हटली. समोरच्या चाळीतून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाय रे." मग आवाज सुटले.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की अशा साथींचं मूळ पाणपक्ष्यांत असतं, कुठल्या तरी लांबच्या तळ्यावर. मला काकूंच्या कोंबड्या आठवल्या. त्या परत आल्या नाहीत. मला ताप आला, शाहिराला आला, वहिनीला आला नाही. खिडकीमुळे की नशिबाने, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. भाद्रपदात तिला मुलगी झाली.

त्याआधीच कचेरीत साहेबांनी दादाला बोलावून घेतलं होतं. "तुमच्या खोलीत गाणी म्हणतात म्हणे?"

"हो," दादा म्हणाला. "खिडक्या उघड्या ठेवून."