धार लावताना फिरवलेली पाठ

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. चौथी नापास, तरी मुलाकडे परदेशात, गिरावीनमध्ये, एक माणूस मला उस्ताद म्हणायचा. शेजारचा म्हातारा इराणी. तरुणपणी पुण्यात शिकलेला, त्यामुळे हिंदीत मराठी कालवून बोलायचा. जन्मभर कॉलेजात शिकवलं, म्हणून मी त्याला मास्तर म्हणायचो.

त्याच्या तोंडी सदा एकच माणूस, त्यांच्या देशाचा जुन्या काळातला एक वजीर. बाहेरचा माल किती दिवस घेणार, कारखाने आपणच काढू, म्हणणारा. त्याने कारागीर परदेशी धाडले. हुन्नर शिकून या आणि इथे सगळ्यांना शिकवा म्हणून. पुढे राजानेच त्याला मारवलं.

"हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं, उस्ताद," एकदा म्हणाला, "आणि स्वतः लोखंडाला एक भोक पाडलं नाही. मरायच्या आधी एका ड्रिलला तरी माझ्या हाताने धार लावायचीय."

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेली. मुलाच्या गराजमध्ये माझा ग्राइंडर होता. शिकवलं मी, पण आमच्या रीतीने. धार लावताना मिस्त्री पाठ फिरवतो. शेवटी मनगट किंचित खाली सोडायचं असतं, तेवढंच दाखवायचं नसतं. मला कुणी दाखवलं नव्हतं. दोन वर्षं चोरून बघितलं तेव्हा कळलं.

मास्तरने धार लावलेलं ड्रिल दरवेळी लोखंडावर नुसतं घासायचं, तापून निळं पडायचं.

"पाठीआड काय लपवतोस?"

"तुझ्या वजिराला विचार."

"वजिराला राजाने मारलं," तो म्हणाला. "त्याचा हुन्नर तुझ्यासारख्यांनी मारला."

मला झोंबलं. "चालता हो," म्हणालो.

तीन आठवडे बोललो नाही. सून म्हणायची, "बाबा, एकदा सॉरी म्हणा ना." मी का म्हणू? चाळीस वर्षांची भाकरी होती ती माझी.

मग एका दुपारी त्याची मुलगी दारात आली. मास्तरला झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, हात परत यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बोथट ड्रिल रुमालात गुंडाळून हॉस्पिटलात गेलो. त्याच्याकडे तोंड करून बसलो. त्याच्या लुळ्या बोटांत ड्रिल धरवलं, वरून माझा हात धरला आणि मनगट खाली सोडलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. नर्स येईपर्यंत तेच करत राहिलो.