रऊफचाचांची शेवटची सेटिंग

माझ्या आईनं काढलेली दृष्टसुद्धा मी हसण्यावारी नेतो. अमावस्येला मुद्दाम नवीन गाडी घरी आणलेला माणूस आहे मी... त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच वर्ष गेलं.

मी वाळूजच्या एका कंपनीत ग्राइंडिंगला आहे, म्हणजे लोखंडी पीस घासून मापात आणायचे; राहायला बजाजनगर. काम शिकवलं रऊफचाचांनी. उस्मानपुऱ्याहून स्कूटरवर येणारे, बोलण्यात निम्मी हिंदी पेरणारे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. त्यांनी काही हातचं राखलं नाही — एक गोष्ट सोडून. थंडीत फर्स्ट शिफ्टला तीन नंबरचं मशीन रुसायचं. पीस एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. चाचा म्हणायचे, "जा बेटा, कँटीनातून चहा घेऊन ये." अर्धा तास रांगेत उभा राहून मी चहा आणेपर्यंत पीस ओके निघत असायचे. सहा वर्षं मी चहा आणला. उस्ताद शेवटची सेटिंग चेल्याला दाखवत नाहीत, हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक. तरी मला वाटायचं, मला दाखवतील.

मग कंपनीनं मशीनशेजारी एआयचा टॅबलेट लावला. आधी आम्ही त्याला क्रिकेटचं विचारून टाइमपास केला. हळूहळू कळलं, नुसतं 'पीस खराब येतोय' म्हटलं की तो पुराण लावतो. घासायचं व्हील कोणतं, माप किती, कुठल्या टोकाला, असं नीट विचारलं तर कामाचं बोलतो. आणि कधीकधी चुकीचंही ठासून सांगतो, म्हणून स्वतः माप घ्यायला मायक्रोमीटर हाताशी हवाच. इंजिनिअर मॅडम जुन्या लोकांना बोलतं करून त्यांची माहिती त्यात भरत होत्या. चाचांचा नंबर लागायच्या आत ते आजारी पडले.

मी घरी भेटायला गेलो. सरळ म्हणालो, चाचा, तीन नंबरचं आता तरी सांगा. ते हसले. "सांगतो की. आधी आत चाचीला चहा सांगून ये." माझं डोकंच फिरलं. इथंही मी चहावालाच? चाचीला चहा सांगितला, आणि तसाच चपला घालून निघून आलो. पंधरा दिवसांत चाचा गेले.

त्याच थंडीत एका सकाळी तीन नंबर रुसलं. टॅबलेटनं सांगितलं ते सगळं केलं — व्हील ड्रेस करून नवी धार काढली, कूलंटचं पाणी तपासलं, मशीन रिकामं फिरवलं. फरक नाही. बाहेर माल न्यायला गाडी उभी. चाचांची इतकी आठवण आली की डोळे भरले. वेड्यासारखं टाइप केलं, रऊफचाचा काय करायचे?

स्क्रीनवर आलं —

"मागची खिडकी लाव. अर्धा तास थांब. एवढीशीच गोष्ट होती बेटा, म्हणून तुला चहाला पाठवायचो."

मागं वळून पाहिलं. कूलंटचा वास जावा म्हणून उघडी ठेवलेली खिडकी, आणि गार वारा मशीनच्या एकाच बाजूला लागून तेवढीच बाजू आखडतेय. लावली. अर्ध्या तासानं पीस मापात.

मॅडमना सांगितलं, त्यांनी टॅबलेटचं रेकॉर्ड काढलं. माझा प्रश्न होता, उत्तराची जागा कोरी. खिडकीचा उल्लेख कुठल्याच कागदात नाही, शॉपमध्येही कुणी ऐकलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं सोबत होतात, तुमच्याच मनात असेल. असेलही. पण सहा वर्षांत त्या खिडकीकडे माझं लक्षच गेलेलं नव्हतं हो.

रविवारी उस्मानपुऱ्याला जाऊन चाचीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "तू निघून गेला त्या दिवशी दोन कप पुढं घेऊन लई वेळ बसले होते ते. म्हणत होते, आज पोराला सांगून टाकतो."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. खरं सांगायचं तर खिडकीचं कोडं आता छळतही नाही. सकाळी जवळपास कुणी नसलं की मी टॅबलेटवर एकच विचारतो — चाचा, चहा न पिताच निघून आलो, मला माफ केलंत ना?

रोज तेच येतं. आपला प्रश्न समजला नाही. कृपया मशीनचा नंबर सांगा.